दिवाळी अंकाची कथा वेळेत लिहून होण्यासाठी: चालढकल मोडणारं दीड महिन्याचं वेळापत्रक

जूनच्या सुरुवातीला संपादकांचा मेसेज येतो: ‘यंदाच्या अंकासाठी कथा हवी आहे. साधारण ३,५०० शब्द, ३१ जुलैपर्यंत.’ आपण लगेच ‘नक्की देतो’ असं कळवून टाकतो. मग जुलैची २५ तारीख उजाडते आणि फाइलमध्ये शीर्षक, दोन परिच्छेद आणि एक खोडलेलं वाक्य एवढाच ऐवज असतो.

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या वर्षाला ही एक ठरलेली तारीख आहे. त्यामुळे शिस्तीचा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा याच कामावर सोडवून बघू. ३१ जुलै, ३,५०० शब्द, आणि हाताशी नोकरी किंवा घर सांभाळून उरलेला वेळ. पद्धत एकदा बसली की कादंबरीच्या प्रकरणालाही चालते आणि मासिकाच्या सदरालाही.

या सगळ्या पद्धतीमागे एकच सूत्र आहे. टेबलाशी बसल्यावर ठरवायचं काही शिल्लक राहू नये. किती वाजता, कुठे, किती शब्द, कोणता प्रसंग, पहिलं वाक्य कोणतं, हे सगळं आधीच ठरलेलं हवं. बसल्यावर निर्णय घ्यावा लागला की मन पळवाट शोधतं, आणि मोबाइल तर हाताशीच असतो.

आधी निदान

लिहायला न बसणाऱ्याला घरचे आळशी म्हणतात आणि तोही ते मान्य करून टाकतो. खरं तर लिखाण टाळणारा माणूस त्याच तासात कपाट आवरतो, वीजबिल भरतो, कथेतल्या गावाचा इतिहास वाचत बसतो. कष्टाला तो भीत नाही. त्याला एक अस्वस्थ भावना नको असते. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ च्या लेखात हेच मांडलं आहे: चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा तात्पुरतं बरं वाटून घेण्याचा प्रकार आहे. म्हणूनच नुसतं वेळापत्रक भिंतीवर लावून ती जात नाही. कोणती भावना टाळतो आहोत हे आधी कळायला हवं.

त्यासाठी चार दिवस एक साधी नोंद ठेवा. लिहायला बसलात आणि उठलात, की उठण्याच्या क्षणी काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा. ‘फोन वाजला’ एवढ्यावर थांबू नका, फोन हातात घेण्याआधी काय अडलं होतं ते लिहा. बहुतेक नोंदी तीनपैकी एका प्रकारच्या निघतात.

पहिला प्रकार: पुढे काय लिहायचं तेच ठाऊक नव्हतं. हा सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत सोपाही आहे, कारण त्यावर टिपणं हा उपाय आहे. दुसरा: जे उतरत होतं ते वाईट वाटत होतं. त्यावर खर्डा आणि दुरुस्ती यांचे दिवस वेगळे करावे लागतात. तिसरा: डोळे मिटत होते किंवा कोणीतरी सारखं हाका मारत होतं. इथे मनाला दोष देऊन उपयोग नाही, वेळच बदलावी लागते. रात्री अकराला भांडी आवरून लिहायला बसणाऱ्या व्यक्तीला शिस्त कमी नसते, झोप कमी असते.

तारीख उलटी मोजा

दिवाळीपासून मोजू नका. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते थेट ८ नोव्हेंबरवर गेलं. अधिक मासाच्या वर्षी ‘यंदा दिवाळी उशिरा आहे’ या समजुतीत कित्येक कथा अडकून पडतात. संपादकाने दिलेली तारीख तीच आपली दिवाळी.

३१ जुलैपासून मागे येत गेलं तर हिशेब असा बसतो. कथा पाठवायची २८ जुलैला, म्हणजे तीन दिवस हातचे राहतात. २५ ते २७ जुलै मोठ्याने वाचन आणि शुद्धलेखन. १५ ते २४ जुलै दुसरा खर्डा. ९ ते १४ जुलै कथा झाकून ठेवायची, फाइल उघडायचीसुद्धा नाही. २१ जून ते ८ जुलै पहिला खर्डा. १५ ते २० जून टिपणं.

पहिल्या खर्ड्याला १८ दिवस दिले असले तरी लिहायचं फक्त १२ दिवस. रोज ३५० शब्द धरले तर ४,२०० होतात. कथा ३,५०० ची असली तरी खर्डा मोठाच होऊ द्या, दुसऱ्या फेरीत ७०० शब्द सहज गळतात. आणि गाळताना कथा सुधारते. कमी पडलेले शब्द वाढवताना ती फुगते.

उरलेले सहा दिवस पाहुणे, ताप, मुलांच्या शाळेची कामं आणि पावसात जाणारी वीज यांचे. हे दिवस आळसाला दिलेली सूट नव्हेत. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ज्याला नियोजनाचा भ्रम म्हटलं, तो लेखकांमध्ये भरपूर असतो. स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत जाईल असंच धरतो, मागच्या वर्षी काय झालं होतं ते पाहत नाही. मोकळे दिवस नसलेलं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात कोसळतं, आणि एकदा कोसळलं की त्याच्याकडे बघवतही नाही.

टिपणं: सहा दिवस, सहा चिठ्ठ्या

‘कथा लिहायची’ हे काम नव्हे. ते हाती घेता येत नाही, म्हणून टळत राहतं. त्याचे इतके बारीक तुकडे करा की तुकडा उचलताना विचार करावा लागू नये.

सहा प्रसंग धरा, प्रत्येकी साधारण ७०० शब्दांचे. म्हणजे एक प्रसंग दोन दिवसांत. टिपणांच्या आठवड्यात रोज अर्धा तास बसून एकाच प्रसंगाची चिठ्ठी करायची. तीत चार गोष्टी हव्यात: कोणाला काय हवं आहे, ते कोण अडवतं, प्रसंग संपताना काय बदललेलं असतं आणि पहिलं वाक्य.

उदाहरणादाखल एक चिठ्ठी बघू. पहिल्या प्रयत्नात ती अशी होते: ‘मामा आणि सुनंदा यांच्यातला तणाव.’ ही निरुपयोगी आहे. ही घेऊन सकाळी बसणारा माणूस दहा मिनिटांत उठणार, कारण तणाव लिहिता येत नाही. तीच चिठ्ठी पुन्हा करा:

‘मामाला वाड्याची किल्ली हवी, आजच, कारण गिऱ्हाईक चारला येणार आहे. सुनंदा देत नाही. नाही म्हणतही नाही, सारखी दुसऱ्या कामाला उठते. शेवटी मामा स्वतः फडताळ उघडतो. किल्ली तिथे नाही, आणि तो शोधत होता हे आता दोघांना माहीत झालंय. पहिलं वाक्य: “चहा टाकू का परत?” सुनंदानं विचारलं.’

आता लिहायला बसणाऱ्याला काय करायचं ते ठाऊक आहे. उद्या लिहिताना किल्लीऐवजी सातबारा आला, मामाच्या जागी आत्या आली, तरी बिघडत नाही. चिठ्ठी पाळण्यासाठी नसते, सुरुवात करून देण्यासाठी असते.

संदर्भवाचनही याच सहा दिवसांत उरकायचं. २० जूननंतर संदर्भासाठी पुस्तक उघडायचं नाही. हा नियम जाचक वाटतो, पण लेखकाच्या चालढकलीचं सर्वांत प्रतिष्ठित रूप म्हणजे अभ्यास. त्यात अपराधी वाटत नाही, उलट अभिमान वाटतो, म्हणून तो लवकर पकडला जात नाही.

वेळ, जागा आणि घरची माणसं

‘रोज सकाळी लिहीन’ हा संकल्प टिकत नाही, कारण सकाळ केव्हा सुरू होते हे कोणी ठरवलेलं नसतं. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या लेखात अमुक घडलं की तमुक करायचं अशा जोडणीचा परिणाम दाखवून दिला. ठरलेल्या खुणेला ठरलेली कृती बांधली की तिथे इच्छाशक्ती खर्च होत नाही. खूण अशी निवडा जी रोज घडतेच: ‘चहाचा कप विसळून ठेवला की वही उघडायची.’ ‘मुलांची रिक्षा कोपऱ्यावरून वळली की दार लावून बसायचं.’ ‘विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की फोन विमान मोडवर टाकून नोट्स उघडायचं.’ घड्याळातल्या वेळेपेक्षा ही खूण जास्त टिकते, कारण उशीर झाला तरी ती घडतेच.

वन बीएचकेमध्ये लेखनाची खोली कोणाकडे असते? जेवणाच्या टेबलाची एक ठरावीक बाजू पुरते, फक्त ती रोज तीच हवी. घरच्यांना ‘मी लिहितेय, त्रास देऊ नका’ असं सांगून काही होत नाही, कारण त्याला शेवट दिसत नाही. ‘सव्वासहा ते सात. सातला मी उठते आणि डबे करते,’ असं सांगा आणि सातला खरोखर उठा. चार दिवस तुम्ही वेळेवर उठलात की पाचव्या दिवशी लोक वेळेपर्यंत थांबतात. वेळ संपल्यावरही बसून राहणाऱ्याची वेळ कोणी पाळत नाही.

फोन सायलेंटवर टाकणं पुरेसं नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवा. लॅपटॉप रात्रीच चार्ज करून ठेवा, पावसाळ्यात हा मुद्दा किरकोळ नाही. आणि कीबोर्डचा प्रश्न टिपणांच्या आठवड्यात कायमचा मिटवा. इनस्क्रिप्ट असो, ध्वन्यानुसारी असो, किंवा बोलून टाइप करणं असो, एक निवडा आणि कथा संपेपर्यंत बदलू नका. फॉन्ट बदलून बघणं हे लेखन नाही.

३५० शब्दांना किती वेळ लागतो?

दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. पोस्टात नोकरी करणारे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत. ते वाचून स्फूर्ती येते आणि दुसऱ्या दिवशी निराशा. टिपणांच्या दिवसांतच तीनदा २५ मिनिटं लावून काहीही लिहा, शब्द मोजा, सरासरी काढा. २५ मिनिटांची बैठक आणि ५ मिनिटांची विश्रांती ही रीत फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून बसवली. आपल्याला कुकरचा टायमरही चालेल. सरासरी १७५ आली तर रोजच्या दोन बैठका झाल्या. १०० आली तर साडेतीन बैठका लागतील, आणि तेवढा वेळ नसेल तर हे १५ जूनलाच कळलेलं बरं. मग संपादकांना विचारून कथा २,५०० शब्दांची करा.

हाताने लिहिणाऱ्यांनी आपली तीन भरलेली पानं मोजून पानाची सरासरी एकदाच काढावी. त्यानंतर शब्द नाही, पानं मोजावीत. वहीत उजव्या पानावर लिहा आणि डावं कोरं सोडा, दुरुस्त्या तिथे येतील.

खर्डा लिहिताना

सर्वांत जास्त कथा इथे मरतात, आणि बहुधा एकाच कारणाने: लेखक रोज पहिल्या पानापासून वाचायला लागतो. वाचताना एक शब्द खटकतो, तो बदलतो, मग वाक्य बदलतं, २५ मिनिटं संपतात. आठव्या दिवशी पहिलं पान चकाकत असतं आणि तिसरा प्रसंग सुरूही झालेला नसतो. पुढे दुसऱ्या खर्ड्यात तेच पहिलं पान कापावं लागतं, कारण कथा खरी सुरू होते दुसऱ्या पानावर. म्हणून रोज फक्त कालचे शेवटचे दोन परिच्छेद वाचायचे, दुरुस्ती न करता, आणि पुढे जायचं.

एखादी माहिती आठवत नाही, गाडीचा नंबर, झाडाचं नाव, १९७२ च्या दुष्काळात मजुरी किती होती? तिथे ‘ठठठ’ लिहा आणि पुढे चला. ‘मजुरी ठठठ रुपये मिळायची.’ ही तीन अक्षरं मराठीत एकत्र कुठेच येत नाहीत, त्यामुळे नंतर शोधा म्हटलं की सगळ्या जागा एका मिनिटात सापडतात. कागदावर समासात गोल करा. माहिती शोधायला नेटवर गेलेला लेखक त्या दिवशी परत येत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ मिळून १८ नियम आहेत, ते पळून जात नाहीत. टंकलेखनात तांबड्या रेषा दिसत असतील तर शब्दतपासणी बंद करा.

रोजचं थांबणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. शब्द पूर्ण झाले आणि पुढचं सुचत असलं तरी थांबा, शक्य तर अर्ध्या वाक्यावर. समजा आज शेवटची ओळ अशी आहे: ‘मामानं फडताळाचं दार ओढलं आणि’. इथेच वही मिटायची. खाली उद्यासाठी अर्धी ओळ: ‘किल्ली नाही, वहिनींची औषधाची चिठ्ठी.’ उद्या पहिली दोन मिनिटं वाक्य पूर्ण करण्यात जातात आणि तोवर हात चालू झालेला असतो. सुचलं ते सगळं संपवून उठणारा दुसऱ्या दिवशी रिकाम्या पानासमोर येतो. जोमात असलेल्या माणसाला हे पटत नाही, पण एका दिवशी १,५०० शब्द लिहिल्यावर पुढचे चार दिवस कसे जातात ते नोंदवहीत बघावं.

नोंदीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर उत्तम. त्या दिवशीच्या चौकोनात शब्दांचा आकडा लिहा, नुसती बरोबरची खूण नको. खूण १० शब्दांनाही होते आणि ४०० शब्दांनाही. आकडे बघून दहा दिवसांत कळतं की सोमवार कायम पडतो, किंवा रविवारी आपण जमेल असं धरून चालतो पण कधीच जमत नाही. मग रविवार सोडून द्या.

दिवस चुकला तर

चुकणारच. चुकलेल्या दिवसाचे शब्द दुसऱ्या दिवसावर चढवायचे नाहीत. ३५० चे ७०० झाले की तेही टळतात, तिसऱ्या दिवशी १,०५० होतात आणि मग माणूस कॅलेंडरकडे पाठ करतो. सहा मोकळ्या दिवसांतला एक खर्च झाला एवढंच धरा.

स्वतःला फैलावर घेण्यानेही काम होत नाही. मायकल वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. अपराधीपणा ही आणखी एक टाळायची भावना होऊन बसते, आणि टाळायची तर वहीच टाळावी लागते.

सलग दोन दिवस गेले, तर तिसऱ्या दिवशी लक्ष्य ५० शब्दांवर आणा. फक्त दहा मिनिटं. चौथ्या दिवशी पुन्हा ३५०. मोकळे दिवस संपले तर रोजचा आकडा वाढवू नका, एक प्रसंग कापा. सहाऐवजी पाच प्रसंगांची कथा बहुतेक वेळा बिघडत नाही.

तरीही जमणार नाही असं १८ ते २० जुलैच्या सुमारास दिसलं, तर तेव्हाच संपादकांना लिहा. ‘नमस्कार. कथा ३१ जुलैऐवजी ६ ऑगस्टला देऊ शकेन, ३,२०० शब्दांच्या आसपास. चालणार असेल तर कळवावं. अडचण असेल तर जागा दुसऱ्या लेखकाला द्यायला माझी हरकत नाही.’ आजारपणाचं पुराण नको. संपादकाला नवी तारीख आणि शब्दसंख्या हवी असते, पानं लावायची असतात. ३१ ला रात्री फोन बंद ठेवणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत राहत नाही.

दुसरा खर्डा, आणि थांबायचं केव्हा

१५ जुलैला कथा छापून घ्या आणि पेन न घेता एका बैठकीत वाचा. १६ तारखेला आठवणीतून यादी करा: कुठे कंटाळा आला, कुठे समजलं नाही, काय दोनदा सांगितलं. पुढचे आठ दिवस त्या यादीवरच काम. याच काळात ‘ठठठ’ भरायचे आणि ७०० शब्द गाळायचे. गाळताना प्रसंगांच्या सुरुवाती आणि शेवटचे परिच्छेद आधी बघा. आपण तिथे हटकून जास्त बोलतो.

२५ ला संवाद मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे माणूस नाही, लेखक बोलतोय. २६ आणि २७ ला शुद्धलेखन. यानंतर वाक्य बदलावंसं वाटेल, आणि बदललं की आणखी एक. हीही चालढकलच, फक्त ती कामासारखी दिसते. पाठवलेल्या कथेला नकार येऊ शकतो, न पाठवलेलीला येत नाही, म्हणून ती हवीशी वाटते. तीन फेऱ्यांच्या वर जायचं नाही हे १५ जूनलाच लिहून ठेवा.

२८ जुलैला युनिकोडमधली वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ पाठवा, म्हणजे जोडाक्षरं तुटली तर पडताळता येतील. फाइलच्या नावात कथेचं आणि तुमचं नाव असू द्या. ‘कथा अंतिम नवीन २’ या नावाच्या फाइली संपादकांकडे पुष्कळ असतात. मेलमध्ये शब्दसंख्या, पत्ता, फोन आणि कथा पूर्वप्रकाशित नसल्याचं एक वाक्य. आठ-दहा दिवसांत पोच आली नाही तर एकदा विचारायला हरकत नाही, ‘मिळाली का?’ एवढंच.